एप्ले म्हणजे सफरचंद

नॉर्वेजियन भाषेतले मला दोनच शब्द येतात. 'एप्ले' म्हणजे सफरचंद आणि 'रॉयकसॉप' म्हणजे एका जातीचं भूछत्र. गोल, पांढरट, आणि पिकल्यावर पाय पडला की फुस्स करून धुरासारखी पूड सोडणारं. 'रॉयक' म्हणजे धूर, 'सॉप' म्हणजे भूछत्र. हे दोन्ही शब्द मी शिकले ते धाकट्या भावानं घरी आणलेल्या एका सीडीमुळे. त्या सीडीबद्दल आम्ही बहीणभाऊ गेली पंधराएक वर्षं एकमेकांशी सरळ बोललेलो नाही.

गोष्ट २००४ची. मी बी.एड. करत होते आणि भाऊ सांगलीत एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. एका डीटीपीवाल्याचा ॲपलचा कॉम्प्युटर दुकानात आला होता. तेव्हा आमच्याकडे ॲपलची मशीन फक्त छपाईवाल्यांकडेच दिसायची. भावानं त्यात नवी सिस्टिम टाकली. तिचं नाव पँथर होतं. ती पहिल्यांदा सुरू झाली की पडद्यावर वेगवेगळ्या भाषांत स्वागताचे शब्द तरंगत यायचे आणि मागे एक धून वाजायची. टप्पे खात चाललेली, थोडी लहान मुलांच्या खेळण्यासारखी. भावाला ती इतकी आवडली की मशीन तयार झालेलं असताना त्यानं सगळं पुसून सिस्टिम पुन्हा टाकली, केवळ ती धून पुन्हा ऐकायला मिळावी म्हणून. मालकाला सांगितलं, "पहिल्यांदा नीट बसली नव्हती."

मग सायबर कॅफेत बसून त्यानं शोध लावला. धुनेचं नाव 'एप्ले'. वाजवणारे दोघं जण, नाव रॉयकसॉप. अल्बम 'मेलडी ए.एम.', साल २००१, त्यांचा पहिलाच. आठवडाभरात तो एक कोरी सीडी भरून घेऊन आला. चोरीचाच माल, कबूल करते. वर मार्करनं उर्दूत एकच शब्द लिहिला होता, 'बर्फ'. ॲपलच्या कॉम्प्युटरला सफरचंद नावाची धून, हा विनोद त्यानं त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला दोनदा सांगितला. अम्मीला तीनदा.

नंतर मला कळलं की याच अल्बमच्या १०० एलपींची कव्हरं बँक्सी या इंग्लिश चित्रकारानं स्टेन्सिल आणि स्प्रेनं रंगवली होती. आमच्या सीडीला उर्दू पेपरच्या पानाचं पाकीट होतं. आतल्या मालात फरक नव्हता.

हे दोघं म्हणजे स्वाइन बर्गे आणि तोरब्यर्न ब्रुन्तलान. दोघांची ओळख शाळकरी वयात झाली, ट्रोम्सो नावाच्या गावात. नकाशात नॉर्वे शोधा आणि वर सरकत जा. आर्क्टिक वृत्त ओलांडून साडेतीनशे किलोमीटर आणखी वर गेलात की हे गाव लागतं. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथं सूर्य क्षितिजाच्या वर येतच नाही. दुपारी थोडा वेळ निळसर उजेड होतो, तेवढाच. उन्हाळ्यात याच्या उलट, दोन महिने सूर्य मावळत नाही. या एवढ्याशा गावात इलेक्ट्रॉनिक संगीताची जुनी परंपरा आहे. बायोस्फिअर या नावानं संगीत करणारा गायर येन्सेन तिथलाच, बेल कँटो हा बँडही तिथलाच. पुढे नव्वदच्या दशकाच्या शेवटी हे दोघं दक्षिणेला बर्गेन शहरात पुन्हा एकत्र आले. बर्गेन पावसाचं शहर. तेव्हा तिथं गिटारवाले, कॉम्प्युटरवाले, कुजबुजत गाणारे अशा तरुण मुलांचा मेळा जमला होता. त्यातून हा अल्बम आला. म्हणजे जन्म अंधारातला आणि वाढ पावसातली. हे ध्यानात ठेवून ऐकलं की बरंच काही उलगडतं.

एक गंमत. नॉर्वेजियन लिपीत 'ओ'वर तिरपी रेघ मारतात. या दोघांनी आपल्या नावात रेघेच्या जागी दोन टिंबं दिली. शेजारच्या स्वीडिश लोकांसारखी. माझ्या वर्गात नुक्ता कुठेही टाकणाऱ्या पोरांची वही लाल होते. यांची वही माझ्याकडे आली नाही हे त्यांचं नशीब.

आता मुद्द्यावर येते. ऐकायला कसा आहे हा अल्बम?

मी मिरजेची. आमच्या गल्लीपासून सतारमेकर गल्ली फार लांब नाही. लहानपणी तिथून जाताना कुणीतरी तंबोऱ्याची जवारी काढत बसलेलं दिसायचं. जवारी म्हणजे घोडीचा माथा असा घासायचा की तार तिला नुसती चाटून जाईल. मग तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा बारीक धागा सरकवायचा. धागा चुकीच्या जागी असला तर तार मुकी वाटते. केसभर पुढे सरकला की तीच तार एकदम खुलते, तिच्या पोटातले दहा सूर बाहेर येतात आणि सगळी खोली गुणगुणायला लागते. सूर तोच, छेड तीच, फक्त धागा हलला.

'एप्ले' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तो धागा आठवला. जुन्या धाटणीच्या सिंथेसायझरमध्ये फिल्टर नावाचं एक बटण असतं. ते मिटलं की स्वरातले वरचे सगळे पदर दबतात, रजईखालून आल्यासारखा आवाज येतो. हळूहळू उघडलं की स्वर उजळत जातो. हे दोघं त्या बटणाशी सारखे खेळतात. धून चार-आठ स्वरांची, पुन्हा पुन्हा तीच, पण प्रत्येक फेरीला तिच्यावरचा उजेड बदललेला. तंबोराही तेच चार स्वर तासभर वाजवत राहतो, पण कुणी म्हणत नाही की कंटाळा आला. मी हे भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "आपा, तू ना, घुमाके-फिराके मिरजेलाच आणतेस." त्याचं म्हणणं बरोबर होतं.

अल्बम सुरू होतो 'सो ईझी'नं. एक ठेक्यात चालणारी, बोटांनी छेडल्यासारखी धून, आणि तिच्यावर कुठून तरी जुन्या रेडिओतून आल्यासारखा समूहाचा गळा. तो गळा खरंच जुना आहे. साठच्या दशकात गॅल्स अँड पॅल्स नावाचा एक स्वीडिश गायकवृंद होता. त्यांनी बर्ट बॅकरॅक या अमेरिकन संगीतकाराचं एक गाणं म्हटलं होतं. त्या रेकॉर्डचा तुकडा कापून या दोघांनी इथं जोडला. ज्या गाण्यातून तुकडा उचलला ते गाणं मी नंतर शोधून ऐकलं. गंमत अशी की मूळ गाणं ऐकताना मला कुठलीच जुनी आठवण आली नाही. तुकडा ऐकताना मात्र वाटलं, हे मी अब्बांच्या रेडिओवर कधीतरी ऐकलंय. ऐकलेलं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. न घडलेल्या गोष्टीची आठवण करून देणं ही या अल्बमची खास करामत आहे.

तिसरं 'स्पार्क्स'. बेल कँटोची आनेली ड्रेकर गाते, कानाशी, श्वासासकट. ठेका इतका सावकाश की दोन ठोक्यांच्या मध्ये माणूस चहाचा घोट घेऊन कप खाली ठेवू शकतो. 'इन स्पेस' म्हणजे तरंगणं, आणखी काही नाही. मग 'पुअर लेनो' येतं आणि ठेका अचानक पायांत शिरतो.

'पुअर लेनो' आणि पुढचं 'रिमाइंड मी' ही दोन गाणी अर्लेंड ओय म्हणतो. बर्गेनचाच मुलगा, किंग्ज ऑफ कन्व्हिनियन्स या गिटारवाल्या जोडीतला. उर्दूत शेर म्हणायच्या दोन रीती आहेत. एक तरन्नुम, म्हणजे गाऊन म्हणणं. दुसरी तहत, म्हणजे नुसतं बोलून म्हणणं, शब्दांवर भार देत, सूर न लावता. मुशायऱ्यात तरन्नुमवाले टाळ्या घेऊन जातात. पण घरी येताना वाटेत डोक्यात घोळत राहतो तो बहुतेक वेळा तहतवाल्याचा शेर. ओय गातो सुरातच, पण त्याचा पिंड तहतचा आहे. गळा कंपवत नाही, दुःख दाखवत नाही, वर चढत नाही. खाली इतका नाचरा ठेका आणि वर हा घरातल्या कपड्यांत आलेला आवाज. त्या विरोधातून जे तयार होतं ते मला अजून नीट नाव देता येत नाही. दुःख म्हणावं तर जड होतं. लग्नघरी सगळे नाचत असताना जिन्यात एकटाच बसलेला एखादा चुलतभाऊ असतो ना, तसं काहीतरी.

'रिमाइंड मी'चा व्हिडिओ फ्रान्सच्या एच-फाइव्ह या मंडळींनी केला. लंडनमधल्या एका नोकरदार बाईचा एक दिवस, पण सगळा आकृत्यांमधून. नळाचं पाणी कुठून येतं, आगगाडी कशी चालते, जेवण कुठल्या वाटेनं ताटात येतं. भूगोलाच्या पुस्तकातली चित्रं हलायला लागावीत तसं. २००२ साली एमटीव्हीचं युरोपातलं उत्तम व्हिडिओचं बक्षीस त्याला मिळालं. मी तो शाळेत दाखवायचा विचार अनेकदा केला आणि दर वेळी सोडून दिला.

त्या दोन गाण्यांच्या मध्ये 'अ हायर प्लेस' आणि 'रॉयकसॉप्स नाइट आउट' आहेत. दुसरं सात मिनिटांच्या वर, अल्बममधलं सगळ्यात लांब, आणि अल्बम खऱ्या अर्थानं घराबाहेर पडतो तो इथंच. शेवटची दोन पुन्हा संथ. एकूण दहा गाणी, पाऊण तास.

आणि नाव 'मेलडी ए.एम.', पहाटेची धून. जिथं वर्षातले काही आठवडे सकाळ उगवतच नाही तिथल्या मुलांनी हे नाव ठेवावं, याचं मला हसूही येतं आणि थोडं गलबलतंही. घड्याळात सकाळ झालेली असते, खिडकीत नसते. मग ती आपणच घरात बनवायची, एका दिव्यावर आणि दोन-चार सिंथेसायझरवर. या अल्बममधली ऊब मला अशी वाटते. बाहेर थंडी आहे हे तिला पूर्ण ठाऊक आहे.

२००४ ते २००८ आमच्या घरात ती सीडी किती वेळा वाजली याचा हिशेब नाही. अब्बांना संगीताचं वावडं नव्हतं, पण उत्साहही नव्हता. ते दाराशी येऊन विचारायचे, "इसमें गानेवाला कब आता है?" आणि उत्तर न ऐकताच जायचे. माझे टाचण काढण्याचे, भावाचे रात्री कॉम्प्युटर उघडून बसण्याचे सगळे तास या पाऊण तासात मोजलेले आहेत.

मग अब्बा गेले. त्यानंतरच्या वर्षभरात भाऊ बदलला. मी 'बदलला' म्हणते, तो 'संभल गया' म्हणतो. पाच वेळची नमाज, दाढी, सुट्टीत जमातीबरोबर बाहेरगावी. यात मला खटकण्यासारखं काही नव्हतं, तो पूर्वीपेक्षा शांत झाला, अम्मीजवळ जास्त बसायला लागला. पण एके दिवशी त्यानं आपल्याजवळच्या सगळ्या कॅसेटी, सीड्या गोळा केल्या आणि मोडून टाकल्या. 'बर्फ' तेवढी माझ्या कपाटात होती म्हणून वाचली. त्यानं ती मागितली. मी दिली नाही.

भांडण झालं. मी शिकलेली बाई, पुस्तकं घेऊन भांडले. इमाम गझालींनी 'एहया'त समावर अख्खं प्रकरण लिहिलंय, म्हणाले. स्पेनच्या इब्न हज्मनं वाद्यांविरुद्धच्या हदीसा कमकुवत ठरवल्यात, म्हणाले. आपल्या गावचे तंबोरे देशभर जातात, ते घडवणारे मुसलमान आहेत, मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं संगीतसभा भरते, ते सगळे काय मग? तो शांतपणे म्हणाला, "किताबें मेरे पास भी हैं, आपा." आणि होतीच. चारही मजहबांतल्या बहुतेक आलिमांचं मत त्याच्या बाजूनं आहे, हे मला माहीत होतं. मग तो म्हणाला, "मुझे जो अच्छा लगता था, वही छोडा मैंने. जो अच्छा नहीं लगता, उसको छोडने में क्या है?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. मला वाटत होतं की त्याला आता ते संगीत ऐकू येत नाही. त्याला ते माझ्याइतकंच ऐकू येत होतं आणि म्हणूनच त्यानं ते मोडलं होतं. ज्याला सफरचंद आवडतच नाही त्याच्या रोज्याला काय मोल! मी माझ्या मतावर राहिले, तो त्याच्या. पण त्या दिवसानंतर तो घरी असला की मी काही लावत नाही आणि त्यानं सीडी पुन्हा मागितली नाही.

काही वर्षांनी एका रमजानात इफ्तारनंतर माझ्या तोंडून सहज निघालं, "जिथं दोन-दोन महिने सूर्य मावळत नाही तिथले लोक रोजा कसा सोडत असतील?" भाचे-भाच्या हसायला लागल्या. भाऊ मात्र सावरून बसला. मग त्यानं अर्धा तास समजावलं. दज्जालचा एक दिवस वर्षाएवढा असेल अशी हदीस आहे. त्या दिवशी एकाच दिवसाच्या नमाजा पुरतील का, असं सहाबांनी विचारलं, तर उत्तर मिळालं की नाही, वेळेचा अंदाज करा. त्यावरून आलिमांनी वाटा काढल्या. जवळच्या ज्या शहरात दिवस-रात्र नीट होतात तिथली वेळ धरायची, किंवा मक्केची. मक्केत मगरिब झाली की उत्तरेला लख्ख उन्हात खजूर तोंडात टाकायचा. बोलता बोलता तो म्हणाला, "अब ट्रोम्सो में मान लो…" आणि थांबला.

खोलीत ते नाव फक्त आम्हा दोघांनाच माहीत होतं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यानं घोटभर पाणी प्यायलं आणि म्हणाला, "मतलब, उधर कहीं भी." मग वाक्य पुरं केलं.

मागच्या महिन्यात माझा जुना लॅपटॉप बंद पडला. भावाचं आता स्वतःचं दुकान आहे. बारा-तेरा वर्षांचे टाचणाचे कागद, प्रश्नपत्रिका, अम्मीचे फोटो, सगळं त्यातच. मी देताना एवढंच म्हटलं, "जेवढं निघेल तेवढं काढ." चार दिवसांनी त्यानं तो आणून दिला. नवी डिस्क टाकली होती. "सगळा डेटा आहे, बघून घे," म्हणाला. चहा प्यायला, असरची वेळ झाली म्हणून उठला. पैसे विचारले तर दारातूनच हात हलवला.

तो गेल्यावर मी उघडून बघितलं. प्रश्नपत्रिका, फोटो, सगळं जागच्या जागी. आणि 'बर्फ' नावाचं फोल्डर. सीडी खराब व्हायला लागली तेव्हा मी गाणी त्यात उतरवून ठेवली होती. दहाच्या दहा होती. डिस्क बदलताना एक फोल्डर गळालं असतं तर मी त्याला विचारलंही नसतं.

दुसऱ्या दिवशी फोनवर मी म्हणाले, "सगळं मिळालं. सगळंच." तो थोडा थांबला आणि म्हणाला, "अमानत थी तेरी. उसमें मैं क्या हाथ लगाऊँ?" मग अम्मीच्या गोळ्यांचं विचारलं.

रात्री वह्या तपासायला घेतल्या आणि हळू आवाजात अल्बम लावला. शेवटच्या गाण्यात सीडीवरच्या चरोट्यामुळे एका जागी स्वर अडकून दोनदा टिकटिकायचा. तो तसाच उतरला होता. अजूनही तिथंच अडकतो, दोनदा टिकटिकतो आणि पुढे जातो.